परदेशात वापरायचे प्रीपेड सिम: किमतीआधी काय पाहावे

परदेश प्रवासासाठी सिम शोधायला बसलेला माणूस बहुधा एकच तुलना करतो: किती पैशांत किती जीबी आणि किती दिवस. ही तुलना करायला हवीच, पण ती सर्वांत शेवटी. त्याआधी तीन गोष्टी स्पष्ट झालेल्या असाव्या लागतात. आपला फोन त्या देशातल्या नेटवर्कशी जुळतो का, आपला डेटा कोणत्या वाटेने इंटरनेटपर्यंत पोहोचतो आणि त्या काळात आपल्या नेहमीच्या नंबरचे काय होणार, या त्या तीन गोष्टी. त्यांची उत्तरे हाती नसताना घेतलेले सिम कितीही स्वस्त असले, तरी विमानतळाबाहेर आल्यावर टॅक्सी बोलावता येत नाही, बँकेचा ओटीपी येत नाही किंवा घरच्यांशी बोलताना प्रत्येक वाक्य रेंगाळत पोहोचते, अशी वेळ येऊ शकते. हे प्रश्न तांत्रिक वाटतात, परंतु त्यांच्यामागची यंत्रणा एकदा समजली की कोणत्याही देशासाठी, कोणतीही जाहिरात समोर असली तरी, आपला निर्णय आपल्याला घेता येतो.

सिम हे मुळात ओळखपत्र आहे

पहिले व्यावसायिक सिमकार्ड १९९१ मध्ये जर्मनीतल्या एका कंपनीने फिनलंडच्या मोबाइल सेवेसाठी तयार केले. तेव्हा ते बँकेच्या कार्डाएवढे होते. आज फोनमध्ये बसते ते नॅनो सिम जेमतेम १२.३ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद असते. आकार आक्रसत गेला, पण काम तेच राहिले. कार्डात दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात: ग्राहकाची ओळख सांगणारा, सहसा १५ अंकी असलेला क्रमांक आणि एक गुप्त किल्ली. फोन चालू झाला की नेटवर्क कार्डाला एक यादृच्छिक आकडा पाठवते, कार्ड आपल्या किल्लीच्या साहाय्याने त्यावर गणित करून उत्तर देते, आणि उत्तर जुळले तरच सेवा सुरू होते. ती किल्ली कार्डाबाहेर कधीही येत नाही. आपण ज्याला मोबाइल नंबर म्हणतो, त्याची या कार्डाशी असलेली जोडी कंपनीच्या नोंदींत असते. म्हणूनच कार्ड हरवले तरी नव्या कार्डावर जुना नंबर चालू करून मिळतो.

ग्राहक क्रमांकाचे पहिले तीन अंक देश सांगतात आणि पुढचे दोन किंवा तीन अंक कंपनी. परदेशात उतरल्यावर फोन जेव्हा तिथल्या टॉवरला साद घालतो, तेव्हा तिथले नेटवर्क हे अंक वाचते, हा पाहुणा आहे हे ओळखते आणि त्याच्या मूळ कंपनीकडे विचारणा करते: हा तुमचाच ग्राहक आहे का, त्याला सेवा द्यायची का, आणि पैसे कोण देणार? या देवाणघेवाणीला रोमिंग म्हणतात. दोन कंपन्यांमध्ये तसा करार असला तरच होकार येतो. यातून लगेच लक्षात येते की सिम विकत घेताना आपण प्रत्यक्षात प्लास्टिकचा तुकडा किंवा अमुक जीबी विकत घेत नसतो. एखाद्या नेटवर्कमध्ये कोणत्या नात्याने प्रवेश मिळणार, ते नाते विकत घेत असतो.

नाती तीन प्रकारची असू शकतात. आपलेच सिम रोमिंगवर ठेवले तर आपण पाहुणे असतो आणि यजमानाचे बिल आपली कंपनी भरते. त्या देशातल्या कंपनीचे सिम घेतले तर आपण तिथले ग्राहक होतो. तिसरा प्रकार अलीकडे फार वाढला आहे: प्रवाशांसाठी विकले जाणारे ई-सिम, म्हणजे प्लास्टिकच्या कार्डाऐवजी फोनमधल्या चिपवर इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे सिम. ते ‘अमुक देशाचे’ म्हणून विकले जाते, पण अनेकदा ते तिसऱ्याच देशातल्या कंपनीचे असते आणि आपण जाऊ त्या देशात रोमिंगवर चालते. म्हणजे घरचेही नाही आणि तिथलेही नाही. ही गोष्ट जाहिरातीत ठळकपणे लिहिलेली नसते आणि माझ्या मते ग्राहकाला सर्वांत आधी सांगायला हवी अशी हीच माहिती आहे, कारण पुढच्या बहुतेक अडचणी तिच्यातून निघतात.

डेटा कोणत्या वाटेने जातो

रोमिंगमध्ये आपण टॉवर यजमान देशातला वापरतो, परंतु आपला डेटा तिथून थेट इंटरनेटवर जाईलच असे नाही. बहुतांश करारांमध्ये तो एका बंद वाटेने सिमच्या मूळ कंपनीच्या देशात नेला जातो, तिथे इंटरनेटला जोडला जातो आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. पत्राची उपमा द्यायची तर शेजारच्या घरी द्यायचे पत्रसुद्धा आधी आपल्या मूळ गावच्या टपाल कार्यालयात जाते आणि मग फिरून शेजारी पोहोचते.

याचा परिणाम मोजता येतो. काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सिमचा मूळ देश १०,००० किलोमीटरवर असेल, तर एका विचारणेला जाऊन यायला २०,००० किलोमीटर पडतात, म्हणजे किमान एक दशांश सेकंद. केबल सरळ रेषेत नसतात आणि वाटेत यंत्रेही असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला विलंब याहून जास्त असतो. एकदाच लागणारा एवढा वेळ जाणवणार नाही, परंतु एखादे संकेतस्थळ उघडताना अशा अनेक फेऱ्या एकामागून एक होतात. नकाशा सावकाश उमटतो, व्हिडिओ कॉलवर दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि पुन्हा थांबतात. अशा वेळी फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसत असतात, म्हणून लोक टॉवरला दोष देतात. दोष वाटेचा असतो.

वाटेचा दुसरा परिणाम वेगापेक्षा महत्त्वाचा आहे. संकेतस्थळांना आपण कुठे आहोत हे डेटा जिथून बाहेर पडतो त्या ठिकाणावरून कळते. त्यामुळे स्थानिक सिमवर त्या देशाचे इंटरनेटविषयक निर्बंध लागू होतात, तर रोमिंगवर बऱ्याच अंशी मूळ देशाचे इंटरनेट मिळते. चीन हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. तिथल्या स्थानिक सिमवर गूगलच्या सेवा, व्हॉट्सअ‍ॅप किंवा फेसबुक उघडत नाहीत. बाहेरच्या देशाचे सिम रोमिंगवर असेल तर डेटा चीनबाहेर जाऊन इंटरनेटला जोडला जात असल्याने त्या सहसा चालतात. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलण्यावर दीर्घकाळ निर्बंध राहिले आहेत, तिथेही हाच फरक जाणवतो. उलट बाजूही आहे. तिसऱ्या देशातून बाहेर पडणाऱ्या ई-सिमवर बँकेचे अ‍ॅप उघडले, तर आपण उभे एका देशात असतो आणि बँकेला दिसतो दुसऱ्याच देशात. काही बँका अशा वेळी व्यवहार अडवून ठेवतात. मुक्कामाच्या देशातले रेल्वेचे किंवा नाट्यगृहाचे तिकीट काढतानाही ‘ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असा संदेश येऊ शकतो.

म्हणून प्रवासी ई-सिम घेताना दोन गोष्टी विक्रेत्याच्या माहितीपानावर शोधाव्यात: यजमान देशात ते कोणकोणत्या नेटवर्कवर चालते आणि डेटा कोणत्या देशातून बाहेर पडतो. पहिली बहुधा लिहिलेली असते, दुसरी क्वचितच. पण विचारल्यास चांगला विक्रेता सांगतो, आणि जो सांगू शकत नाही त्याच्याकडून आठवडाभराच्या कामाच्या प्रवासासाठी सिम घेऊ नये असे मला प्रामाणिकपणे वाटते. चार दिवसांच्या सहलीत नकाशा आणि संदेश एवढेच हवे असेल, तर या विलंबाने फारसे बिघडत नाही.

फोन त्या देशाशी जुळतो का

पहिली अट सोपी आहे: फोन कोणत्याही कंपनीशी बांधलेला नसावा. हप्त्यांवर किंवा कंपनीच्या योजनेत घेतलेले फोन काही देशांत दुसऱ्या कंपनीचे सिम स्वीकारत नाहीत. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून असे बांधलेले फोन विकण्यास मनाई केली आहे, पण सगळीकडे तसे नाही. आयफोनमध्ये ही माहिती सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या भागात दिसते. इतर फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. हे निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर निदान पंधरवडाभर आधी करावे, कारण बंध सोडवून घ्यायला कंपनीला काही दिवस लागू शकतात.

दुसरी अट लहरींची. प्रत्येक देशाने मोबाइलसाठी रेडिओलहरींचे वेगवेगळे पट्टे ठरवून दिले आहेत आणि त्यांना क्रमांक आहेत. फोर-जीचा ३ क्रमांकाचा पट्टा, म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, जगात खूप ठिकाणी चालतो, त्यामुळे शहरात बहुतेक फोन कुठेतरी जोडले जातातच. खरी परीक्षा शहराबाहेर होते. कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात, म्हणून खेड्यापाड्यांत आणि महामार्गांवर कंपन्या त्याच वापरतात. आणि नेमके हेच पट्टे खंडागणिक बदलतात. युरोपात ८०० मेगाहर्ट्झचा २० क्रमांकाचा, आशिया-प्रशांत भागातल्या अनेक देशांत ७०० मेगाहर्ट्झचा २८ क्रमांकाचा, तर अमेरिकेत १२, १३ आणि ७१ हे पट्टे महत्त्वाचे आहेत. फोनच्या मॉडेल क्रमांकावरून निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्यातले पट्टे पाहता येतात. मॉडेलचे नाव पुरेसे नाही, पूर्ण क्रमांकच पाहावा, कारण एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या बाजारांसाठी वेगवेगळ्या पट्ट्यांसह बनवला जातो. डोंगरांत, वाळवंटात किंवा लांबच्या रस्त्यांवर जाणाऱ्याने हे जरूर पडताळावे.

तिसरी अट अलीकडची आहे आणि जुना फोन घेऊन जाणाऱ्यांना तीच सर्वाधिक अडवते. पूर्वी फोर-जी मिळाले नाही तरी बोलणे टू-जी किंवा थ्री-जीवर होत असे. आता हे जुने जाळे एकेक देश बंद करत आहे. जपानने टू-जी २०१२ मध्येच बंद केले आणि सिंगापूरने २०१७ मध्ये. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ अखेरपर्यंत थ्री-जी बंद केले, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. जर्मनीने मात्र २०२१ मध्ये थ्री-जी बंद करून टू-जी चालू ठेवले. जिथे दोन्ही गेले, तिथे कॉल करायचा तर तो फोर-जीवरूनच जायला हवा, आणि त्यासाठी फोनमध्ये व्हीओएलटीई ही सोय असून ती तिथल्या कंपनीने त्या फोनसाठी मान्य केलेली असावी लागते. फोनमध्ये सोय आहे, पण कंपनीच्या मान्य यादीत तो फोन नाही, असे घडते. तेव्हा इंटरनेट उत्तम चालते आणि साधा कॉल लागत नाही. ऑस्ट्रेलियात तर व्हीओएलटीईवरून आपत्कालीन क्रमांकाला कॉल करू न शकणाऱ्या फोनला स्थानिक कंपन्यांनी सेवाच देऊ नये असा नियम आहे, म्हणजे तिथे डेटाही मिळणार नाही. स्थानिक कंपनीच्या संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या एकाच फोनची ओळख सांगणारा क्रमांक टाकून हे बहुधा तपासता येते. फोनवर *#०६# दाबले की तो १५ अंकी क्रमांक दिसतो.

ओळख पटवणे आणि फोनची नोंदणी

बहुतेक देशांत प्रीपेड सिमसाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. जर्मनीत जुलै २०१७ पासून ओळख पडताळल्याशिवाय प्रीपेड सिम चालू होत नाही. ब्रिटनमध्ये मात्र दुकानात सिम उचलून तसेच वापरता येते. जपानमध्ये अल्पकाळासाठी आलेल्यांना मिळणारी सिम बहुतांशी फक्त डेटाची असतात, स्थानिक नंबर मिळत नाही. मुक्कामाच्या देशात हॉटेल, डिलिव्हरी किंवा टॅक्सीच्या अ‍ॅपसाठी स्थानिक नंबर लागणार असेल, तर हे आधी कळलेले बरे.

काही देश सिमबरोबर फोनचीही नोंद ठेवतात. तुर्कस्तानात बाहेरून आणलेल्या फोनमध्ये तिथले सिम घातले, तर १२० दिवसांनंतर तो फोन तिथल्या नेटवर्कवर बंद होतो; पुढे वापरायचा तर नोंदणी करून कर भरावा लागतो. इंडोनेशियातही बाहेरच्या फोनसाठी आयएमईआयची नोंदणी आहे. पर्यटकाला याचा त्रास सहसा होत नाही, विद्यार्थ्याला किंवा नोकरीसाठी जाणाऱ्याला मात्र होतो. रोमिंगवर चालणाऱ्या सिमला असे नियम साधारणपणे लागू नसतात.

ई-सिम की प्लास्टिकचे

ई-सिम म्हणजे फोनमध्ये कायमची बसवलेली चिप, जिच्यावर कंपनीची ओळख इंटरनेटवरून उतरवून घेता येते. विक्रेता त्यासाठी देतो त्या क्यूआर कोडमध्ये स्वतः सिम नसते. ते जिथून उतरवायचे त्या सर्व्हरचा पत्ता आणि एकदाच वापरायचा संकेत असतो. यातून दोन गोष्टी ओघाने येतात. उतरवताना इंटरनेट लागते, म्हणून हे काम घरच्या वाय-फायवर करावे; विमानतळावरचे वाय-फाय स्थानिक नंबरवर ओटीपी पाठवूनच चालू होत असेल, तर तिथे अडकायला होते. आणि एकदा उतरवलेले प्रोफाइल चुकून पुसले, तर तोच कोड पुन्हा चालेलच असे नाही. अडचण आली की ‘पुसून पुन्हा घालू’ ही आपली सवय इथे महागात पडते. आधी फोन बंद करून चालू करावा, दुसरे नेटवर्क स्वतः निवडून पाहावे, एपीएन, म्हणजे इंटरनेटशी जोडणारी फोनमधली सेटिंग, तपासावा. पुसणे हा उपाय विक्रेत्याशी बोलल्याशिवाय करू नये.

ई-सिमचा सर्वांत मोठा लाभ असा की घरचे प्लास्टिक सिम जागेवरच राहते. प्लास्टिकचे सिम घेण्याची कारणेही आहेत: फोन बिघडला तर ते काढून दुसऱ्यात घालता येते, वयस्कर माणसाच्या साध्या फोनमध्ये चालते आणि स्थानिक कंपनीचे असल्यास बहुधा नंबरही मिळतो. २०२२ मध्ये आलेल्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या नव्या आयफोनमध्ये सिमचा ट्रेच नाही, तर चीनमध्ये विकल्या गेलेल्या अनेक आयफोनमध्ये ई-सिमऐवजी दोन प्लास्टिक सिमची सोय आहे. दुसऱ्या देशातून फोन मागवलेल्यांनी हे विसरू नये.

योजनेतली बारीक अक्षरे

आता किमतीकडे वळता येईल. ‘अमर्याद डेटा’ या शब्दांजवळ फेअर यूजची मर्यादा शोधावी. रोज ठरावीक डेटा वापरल्यावर वेग १२८ केबीपीएसवर येतो असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. १२८ किलोबिट म्हणजे १६ किलोबाइट, सेकंदाला एवढेच. मिनिटाला जेमतेम १ एमबी. ३ एमबीचे छायाचित्र पाठवायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागेल, आणि नकाशा उघडेपर्यंत वळण मागे पडलेले असेल. लिखित संदेश मात्र जातील. त्यामुळे ‘अमर्याद’ योजनेची तुलना तिच्या पूर्ण वेगाच्या मर्यादेशी करावी, नावाशी नव्हे.

दिवस कसे मोजतात हेही पाहावे. काही योजनांत खरेदीपासून, काहींत ई-सिम बसवल्यापासून, तर काहींत त्या देशातल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यापासून मुदत सुरू होते. घरी बसून उत्साहाने आधीच बसवलेल्या ई-सिमचे तीन दिवस विमानात बसण्यापूर्वीच संपू शकतात. एक दिवस म्हणजे २४ तास की मध्यरात्रीपर्यंतचा दिवस, आणि मध्यरात्र कोणत्या देशाची, हा प्रश्न बाष्कळ नाही. तिसऱ्या देशाच्या घड्याळानुसार मोजणारी योजना भर दुपारी संपू शकते.

किती डेटा लागेल याचा अंदाज आपल्याच फोनमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये गेल्या महिन्याचा मोबाइल डेटा दिसतो. त्यात घरी आणि कार्यालयात वाय-फायवर भागणारी कामे मिळवावीत. नकाशे आधी उतरवून ठेवले तर रस्ता शोधायला अगदी थोडा डेटा पुरतो, पण उत्तम दर्जाचा व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत खाऊ शकतो. छायाचित्रांचा आपोआप होणारा बॅकअप वाय-फायपुरता ठेवला नाही, तर पहिल्याच दिवशी योजना संपते. लॅपटॉपला हॉटस्पॉट द्यायचा असल्यास योजनेत त्याची परवानगी आहे का, हे वेगळे पाहावे.

अनेक देशांत फिरणाऱ्यांनी ‘युरोप’ या शब्दाचा अर्थ तपासावा. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका सदस्य देशाचे सिम दुसऱ्यात घरच्याच दराने चालते आणि हा नियम २०३२ पर्यंत वाढवला आहे. आइसलँड, नॉर्वे आणि लिख्टेनश्टाइन त्यात आहेत. स्वित्झर्लंड नाही, आणि संघातून बाहेर पडलेला ब्रिटनही नाही. काही कंपन्या स्वतःहून हे देश योजनेत घालतात, पण तो त्यांचा निर्णय आहे. शिवाय हा नियम मुळात त्या देशांत राहणाऱ्यांसाठी आहे. कंपनी तसा पुरावा मागू शकते आणि रोमिंगवरच्या डेटाला वेगळी मर्यादा घालू शकते. सीमेजवळ राहताना आणखी एक काळजी घ्यावी. जिनिव्हासारख्या शहरात फोन सहज शेजारच्या फ्रान्सचे नेटवर्क पकडतो किंवा उलट घडते, म्हणून तिथे नेटवर्क आपोआप निवडू न देता स्वतः निवडून ठेवावे. जहाजावर आणि विमानात उपग्रहाद्वारे चालणारी वेगळी नेटवर्क असतात आणि नेहमीच्या योजना तिथे चालत नाहीत. दर अतिशय चढे असतात. किनारा सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाकावा.

व्याप्तीचे आकडे वाचताना ते लोकसंख्येचे आहेत की भूभागाचे, हे पाहावे. ९९ टक्के लोकांपर्यंत पोहोचलेले जाळे ऑस्ट्रेलियासारख्या देशात निम्म्या भूभागापर्यंतही पोहोचलेले नसते, कारण लोक किनाऱ्यालगत एकवटलेले आहेत. स्वस्त सिम देणाऱ्या अनेक कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात, त्या मोठ्या कंपनीचे जाळे भाड्याने घेतात. शहरात फरक जाणवत नाही, पण गर्दीच्या वेळी टॉवरवर ताण आला की काही ठिकाणी अशा ग्राहकांचा वेग आधी कमी केला जातो.

आपल्या नेहमीच्या नंबरचे काय

घरचे सिम काढून पाकिटात ठेवायचे आणि नवे घालायचे, ही जुनी पद्धत आता धोक्याची आहे. बँकेचा ओटीपी, ईमेलची पडताळणी, सरकारी सेवांचे प्रवेश हे सगळे त्या नंबरवर येते. परदेशात कार्ड अडले, ओटीपी मागितला गेला आणि ते सिम हॉटेलच्या खोलीत राहिले आहे, हा अनुभव मी घेतला आहे. दुकानात रांग थांबवून उभे राहण्याची ती पाच मिनिटे फार लांब असतात. तेव्हापासून माझे घरचे सिम फोनमधून कधीही निघत नाही.

दोन सिमच्या फोनमध्ये मांडणी अशी ठेवावी. घरच्या सिमवर रोमिंगची सेवा कंपनीकडून निघण्यापूर्वीच चालू करून घ्यावी, नाहीतर परदेशात ते कोणत्याच नेटवर्कला जोडले जाणार नाही. मात्र त्या सिमचे डेटा रोमिंग फोनमधून बंद ठेवावे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत: पहिली कंपनीची परवानगी, दुसरी फोनची कळ. नव्या सिमवर डेटा चालू ठेवावा, आणि ते प्रवासी ई-सिम असेल तर त्याचे डेटा रोमिंग चालू करावे लागते, कारण तेही रोमिंगवरच चालणार आहे. ‘रोमिंग म्हणजे खर्च’ या भीतीने लोक दोन्हीकडची कळ बंद ठेवतात आणि ई-सिम बिघडले असे समजतात. एका सिमची रेंज कमी झाली की डेटा आपोआप दुसऱ्यावर नेण्याची सोय काही फोनमध्ये असते. ती न विसरता बंद करावी.

आलेले एसएमएस रोमिंगमध्ये पुष्कळ कंपन्या विनामूल्य देतात, आलेल्या कॉलला मात्र पैसे लागू शकतात. न उचललेला कॉल व्हॉइसमेलवर वळवला जात असेल, तर तो आधी परदेशात येऊन पुन्हा घरच्या देशात जातो आणि दोन्ही बाजूंचे शुल्क लागू शकते. कॉल वळवणे निघण्यापूर्वी बंद करावे. कंपनी वाय-फाय कॉलिंग देत असेल, तर काही फोन घरच्या नंबरचा कॉल नव्या सिमच्या डेटावरूनही घेऊ शकतात; तिच्या अटी आधी विचारून घ्याव्यात. व्हॉट्सअ‍ॅप नव्या सिमनंतर नंबर बदलायचा का असे विचारते, त्याला नकार द्यावा. जुन्याच नंबरवर ते नव्या डेटावरून व्यवस्थित चालते.

आपत्कालीन कॉलसाठीही घरचे सिम फोनमध्ये असणे उपयोगाचे आहे. ११२ हा क्रमांक मोबाइलवरून पुष्कळ देशांत लागतो, आणि काही ठिकाणी सिम नसतानाही. पण जर्मनीने २००९ पासून चालू सिम नसलेल्या फोनवरून तो बंद केला आहे. फक्त डेटाच्या ई-सिमवर अवलंबून राहण्यापेक्षा कॉल करू शकणारे एक सिम सोबत असावे.

विकत घेतल्यावर आणि परतताना

काउंटरवर सिम घेतले तर तिथून हलण्यापूर्वी वाय-फाय बंद करून एक पान उघडून पाहावे, एक कॉल करून पाहावा आणि ज्यातून सिम सुटे केले ते मोठे प्लास्टिकचे कार्ड जपून ठेवावे. त्यावर पिन आणि पीयूके, म्हणजे अडलेले सिम उघडणारा क्रमांक, असतात. पिन तीनदा चुकला की सिम अडते आणि पीयूके मागते. पीयूके दहा वेळा चुकला की ते कार्ड कायमचे निकामी होते. विमानतळावरच्या योजना शहरातल्या दुकानांपेक्षा पुष्कळदा महाग असतात, पण रात्री उशिरा पोहोचणाऱ्याने पहिल्या दिवसापुरते लहान ई-सिम घरून बसवून न्यावे आणि दुसऱ्या दिवशी सावकाश स्थानिक सिम घ्यावे, हा मध्यम मार्ग मला सर्वांत सुरक्षित वाटतो.

तिथल्या नंबरवर उघडलेली खाती मात्र परतण्यापूर्वी आपल्या कायमच्या नंबरवर वळवून घ्यावीत. प्रीपेड नंबरची मुदत संपली की काही काळाने कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि मग आपल्या खात्याचा ओटीपी त्याच्या फोनवर जातो. टॅक्सीचे अ‍ॅप, राहण्याची नोंदणी, तिथे उघडलेले एखादे बँक खाते, यांची यादी मुक्कामातच करून ठेवावी, कारण मायदेशी आल्यावर ते सिम चालू असेलच याची खात्री नसते आणि नंबर बदलायला तोच जुना नंबर हातात लागतो.